डिस्प्लेवर उमटलेला स्टॅक

आमच्या कंपनीने बनवलेले पाण्याच्या टाकीचे नियंत्रक मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांत बसवलेले आहेत. भांडुपच्या एका सोसायटीतला नियंत्रक मधूनच बंद पडत असे. वायरिंग, वीज, सिम सगळे तपासून झाल्यावर ते काम माझ्याकडे आले. बंद पडलेल्या डिस्प्लेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ठिपक्यांचा विस्कटलेला पट्टा दिसत होता आणि मला त्यावरूनच संशय आला.

त्या नियंत्रकात ॲटमेगा 328पी ही चिप आहे आणि तिची रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, 2048 बाइट. 128 बाय 64 ठिपक्यांच्या डिस्प्लेचे चित्र धरून ठेवायलाच त्यातले 1024 बाइट जातात. शिवाय सूचनांची वाक्ये कोडमध्ये प्रोगमेम हा शब्द लिहून फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम राहतो त्या कायमच्या स्मृतीत, ठेवली नाहीत, तर चिप सुरू होतानाच तीही रॅममध्ये उतरतात. स्टॅक, म्हणजे चालू असलेली फंक्शने वापरतात ती तात्पुरती जागा, रॅमच्या वरच्या टोकापासून खाली वाढतो आणि तो चित्राच्या जागेत शिरला, तर त्याला अडवणारे तिथे कोणी नसते. ते ठिपके म्हणजे स्टॅकच होता.

सोसायटीचे सेक्रेटरी नियंत्रकाला देवनागरीत एसएमएस पाठवत. अशा संदेशात 70 अक्षरे मावतात, पण मोडेम प्रत्येक अक्षराचे चार हेक्स (सोळाच्या पायावरचे) अंक देतो आणि एका अंकाला एक बाइट लागतो, म्हणजे 280 बाइट. ते उलगडणारे फंक्शन तेवढी जागा स्टॅकवर मागत असे आणि रोमन संदेशाला ते लागतच नसे.

कोड लिहिणारा सहकारी हुशार आहे, पण सर्व्हरच्या कामातून आलेला. तिथे रॅम वाढवता येते आणि चार बाइट वाचवण्यासाठी कोड दुर्बोध करणे चुकीचेच. इथे त्याने कंपायलरने (कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने) दाखवलेल्या रॅमच्या आकड्यावर भरवसा ठेवला, ज्यात स्टॅक धरलेला नसतो आणि चालू असताना घेतलेली चित्राची जागाही नसते. नव्या माणसाला हे कोणीही सांगत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

मी वाक्ये फ्लॅशमध्ये हलवली, चित्र 128 बाइटांच्या पट्ट्यांनी काढले आणि संदेश साठवून न ठेवता अक्षर येईल तसा वाचला. मग मोकळी रॅम ठरावीक आकड्याने भरून, तो आकडा कुठवर पुसला जातो ते पाहून, स्टॅक कुठवर पोचतो तेही मोजले. आता पुरेशी जागा उरते. वरिष्ठांना मात्र पुढच्या मॉडेलमध्ये मोठी चिप घालायची आहे, मोजणी नको आहे.

आमच्या काही जुन्या नियंत्रकांना डिस्प्लेच नाही. तिथे स्टॅक मोटरच्या वेळा ठेवलेल्या जागेवर चढत असेल, तर बाहेरून काहीच दिसणार नाही. ते परत मागवा, असे मी लेखी कळवले आहे.