नटक्रॅकरसाठी पाहुणे कलाकार आणताना

आमच्या गावच्या जत्रेचा तमाशा ठरवायला वडील दर वर्षी नारायणगावला जायचे. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, तारीख जुळवतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन परततात. न्यू जर्सीत मुलीच्या बॅलेशाळेच्या पालक समितीने पाहुणे कलाकार ठरवायचं काम माझ्याकडे दिलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्या घरातलंच काम.

अमेरिकेत डिसेंबर म्हणजे नटक्रॅकर या बॅलेचा हंगाम. नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शिन यांनी 1954 साली न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी तो बसवला, आणि पुढे गावोगावच्या शाळाही तो करू लागल्या. उंदीर, सैनिक, हिमकण ही सगळी कामं मुलं करतात. पण दुसऱ्या अंकातलं शुगर प्लम फेअरी ही परी आणि तिच्या जोडीदाराचं नृत्य मुलांना पेलत नाही. आधी दोघांचं संथ नृत्य, मग त्याचं एकट्याचं, मग सेलेस्टा या वाद्याच्या किणकिणाटावर तिचं एकटीचं आणि शेवटी पुन्हा दोघांचं, वेगवान. त्यासाठी बाहेरची जोडी आणायची. यात कमीपणा काहीच नाही. 1892 साली सेंट पीटर्सबर्गला या बॅलेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा हीच भूमिका करणारी अँटोनिएटा डेल'एरा इटालियन होती, बाहेरून आलेली पाहुणीच.

मे महिन्यात ईमेल पाठवायला सुरुवात केली. पहिली नर्तकी आनंदाने हो म्हणाली आणि दोन दिवसांनी दिलगिरी कळवली. ती परदेशातून आलेली, आणि तिचा व्हिसा तिच्या कंपनीपुरताच होता. दुसरीकडे पैसे घेऊन नाचायचं तर वेगळे कागद करावे लागणार होते. नऊ वर्षं एच-वन-बीवर काढलेल्या मला जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

मग एक जोडी मिळाली. दोघंही एकाच कंपनीतले. इथल्या बऱ्याच बॅले कंपन्यांत करार ठरावीक आठवड्यांचाच असतो, वर्षाचे 52 आठवडे पगार नसतो. मधल्या काळात शिकवणं आणि असे पाहुणे प्रयोग, यावर घर चालतं. आणि नाचण्याची वर्षंही मोजकी. पस्तिशी-चाळिशीच्या आत बहुतेकांचं शरीर थांबायला सांगतं. प्रसिद्ध नर्तकी मार्गो फोंटेन 1962 साली रुडॉल्फ नुरेयेवबरोबर लंडनमध्ये पहिल्यांदा नाचली ती 42व्या वर्षी, पण तशी उदाहरणं विरळाच.

फोनवर मी मानधनाचा आकडा घेऊन तयार बसले होते. त्या नर्तकाने आधी विचारलं, ‘‘स्टेजची जमीन कशी आहे?’’

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, लाकडी आहे. त्याने विचारलं, लाकडाखाली काय आहे? हायस्कूलच्या त्या सभागृहात जाऊन, तिथल्या देखभाल करणाऱ्या माणसाला गाठून विचारलं तेव्हा कळलं की फळ्या थेट काँक्रीटवर बसवल्या आहेत. नाचाच्या जमिनीत फळ्यांखाली पोकळी आणि दाब घेणारा थर लागतो, वर मार्ले नावाचं न घसरणारं अंथरूण लागतं. नाहीतर प्रत्येक उडीचा हादरा थेट नडगीत आणि गुडघ्यात जातो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘अशा जमिनीवर आम्ही येऊ शकत नाही. हंगाम नुकताच सुरू झालेला असेल, पाय गेला तर पुढचे सगळे प्रयोग जातील.’’

मी फोन ठेवला आणि बराच वेळ गाडीत बसून राहिले. आमच्या चाळीस मुली चार वर्षं त्याच काँक्रीटवर उड्या मारत होत्या. माझी मुलगी त्यांत होती. प्रयोगानंतर तिच्या नडग्या दुखायच्या आणि मी तेल चोळून द्यायचे. आम्हा पालकांपैकी एकानेही जमिनीबद्दल विचारलं नव्हतं.

समितीच्या दोन बैठका यावरून गाजल्या. दुसरं थिएटर म्हणजे जास्त भाडं आणि कमी खुर्च्या. मी नडगीची गोष्ट सांगितली, आणि शेवटी एका कॉलेजचं नाचायोग्य जमिनीचं थिएटर घेतलं. तिकीट थोडं वाढलं.

बाकीचा करार त्यामानाने सोपा: दोन प्रयोगांचं मानधन, प्रवास, हॉटेल, रोजचा जेवणखर्च, चित्रीकरणाला परवानगी नाही. त्यांच्या कंपनीच्या कलादिग्दर्शकाची लेखी संमती मात्र सप्टेंबरपर्यंत लटकली. संगीताचं रेकॉर्डिंगही त्यांनी आधीच मागवून घेतलं, कारण लय जरा पळती असली की उचलण्याच्या जागा चुकतात. ‘इजा झाल्यास बदली कलाकार’ हे कलम त्यांनीच घालायला लावलं होतं. तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं.

प्रयोगाला सोळा दिवस असताना त्या जोडीतल्या नर्तकीच्या पावलाच्या हाडाला सूक्ष्म चीर गेली. रात्री अकराला त्याचा निरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या शहरातल्या एका नर्तकीचं नाव. दोघं पूर्वी कधीच एकत्र नाचले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी ती आली. आधी बूट काढून अनवाणी सगळा रंगमंच चालून पाहिला, टाचेने दाबून पाहिला. मग दोघं समोरासमोर उभी राहून पुटपुटत मोजू लागली: इथे तू डावा हात देतोस की उजवा, इथे चार की सहा. पावलं दोघांनाही पाठ होती, पण प्रत्येक कंपनीची वळणं थोडी वेगळी. खांद्यावर बसायची उचल तीनदा फसली. चौथ्यांदा ती बसली तेव्हा विंगेत उभ्या असलेल्या सगळ्या हिमकण मुली श्वास रोखून होत्या. रात्री साडेनऊला तिने पायाच्या बोटांवर उभं राहून नाचायच्या पॉइंट शूजच्या तीन नव्या जोड्या काढल्या, तळवे दाबून वाकवले आणि रिबिनी शिवायला घेतल्या. माझ्या मुलीने तिला सुई ओवून दिली.

शनिवार-रविवारचे दोन्ही प्रयोग झाले. संथ नृत्यात कुठेही हात शोधावा लागला नाही. रविवारी मी चेक द्यायला गेले तेव्हा ती बर्फाच्या बादलीत पाय सोडून केळं खात होती. रात्रीचं विमान होतं, मंगळवारी पुढच्या गावी तालीम.

चीर गेलेल्या त्या नर्तकीचं पाऊल आता बरं आहे. या डिसेंबरसाठी तीच येणार आहे. परवा तिचा ईमेल आला. त्यात दोनच ओळी होत्या: तारीख चालेल, आणि थिएटर तेच आहे ना?