आधी पिल्सनर

क्राफ्ट बिअर फेस्टिव्हलला गेले की माझा पहिला ग्लास पिल्सनरचा, म्हणजे फिकट सोनेरी, हलक्या बिअरचा असतो. बरोबरची मंडळी तोवर सर्वांत लांब रांग गाठतात. तिथे फळं घातलेली आंबट बिअर, सावर असते, नाहीतर लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेली, बारा टक्के अल्कोहोलची काळी, दाट स्टाउट. त्या बिअरही मला आवडतात, पण नंतर. तशी एक स्टाउट आधी प्यायली की पुढचा तासभर जिभेला हलकं काही कळतच नाही.

पिल्सनरमध्ये चूक झाकता येत नाही. 1842 मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्ल्झेन शहरात योसेफ ग्रोल या ब्रुअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, ती पहिल्यांदा बनवली. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू), मऊ पाणी, तिथल्याच झाटेत्स गावचे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि गारव्यात सावकाश काम करणारं यीस्ट, बस्स. एल, म्हणजे उबेत लवकर आंबणारी बिअर, दोन-तीन आठवड्यांत पिण्याजोगी होते, पिल्सनरची टाकी त्याहून कितीतरी जास्त काळ अडकून पडते. छोट्या ब्रुअरीला टाकी अडवून ठेवणं महागात पडतं. तरीही कोणी पिल्सनर घेऊन फेस्टिव्हलला आला असेल, तर त्याच्याशी बोलायला मी मुद्दाम थांबते.

मागच्या वेळी कोपऱ्यातल्या एका स्टॉलवर तशी पिल्सनर मिळाली. रंग सुरेख, फेस दाट. नाक जवळ नेलं आणि लोण्याचा वास आला. तो डायअसिटिल नावाच्या रसायनाचा वास. यीस्टला शेवटचे दोन-तीन दिवस थोडी ऊब मिळाली नाही तर तो बिअरमध्ये राहून जातो. बिअर ओतायच्या नळ्या नीट धुतलेल्या नसतील तर तिथल्या जिवाणूंमुळेही येतो. सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी हळूच विचारलं, "यात जरा लोण्यासारखं लागतंय का?"

टॅपवर खुद्द ब्रुअरच होता. त्याने स्वतःसाठी घोटभर ओतली, वास घेतला आणि काही न बोलता खाली वाकला. केगला, म्हणजे बिअरच्या पिंपाला, लावलेली बर्फाच्या पेटीतली नळी काढली, एक आखूड नळी थेट केगला जोडली आणि दुसरा ग्लास भरला. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून म्हणाला, "आता घेऊन बघा." दुसऱ्यात लोण्याचा मागमूस नव्हता. भाजलेल्या धान्याची चव, मग झाडपाल्यासारखा स्वच्छ कडवटपणा. बिअर निर्दोष होती, दोष नळीत होता. माझ्यामागे सात-आठ जण उभे होते. त्याने खडूने पाटीवर लिहिलं, 'पिल्सनर अर्ध्या तासाने', आणि नळी धुवायला घेतली.

अशा माणसांसाठी मी फेस्टिव्हलला जाते. पबमध्ये ग्लास समोर येतो, बनवणारा दिसत नाही. चार्ली पापाझियनने 1982 मध्ये कोलोराडोतल्या बोल्डरला ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल सुरू केला. त्या फेस्टिव्हलची ओळखच एका वेळी एक औंस, म्हणजे जेमतेम 30 मिलि ओतण्याची. ब्रिटनमधल्या कॅमरा या बिअरप्रेमींच्या संघटनेच्या फेस्टिव्हलमध्ये पाइंटचा तिसरा हिस्सा, साधारण 190 मिलि, मागता येतो. माप छोटं असलं की प्रश्न विचारायला उसंत मिळते. आवडली नाही तर उरलेली बादलीत ओतायची, त्यात ब्रुअरचा अपमान नसतो. दोन बिअरच्या मध्ये ग्लास विसळायचा आणि पाणीही प्यायचं. शेवटच्या तासात मात्र काही लोक दिलेले पैसे वसूल करायच्या नादात घटाघट पितात, कोणी काय बनवलंय हे विचारतही नाहीत. त्या वेळी मला तिथे थांबवत नाही. म्हणून मी दार उघडताच आत शिरते आणि लवकर निघते.

त्या दिवशी निघण्याआधी पुन्हा कोपऱ्यातल्या स्टॉलवर गेले. पाटी पुसलेली होती, नळी परत पेटीत होती. त्याने न विचारता ग्लास भरला आणि मी वास घेईपर्यंत पुढच्या माणसाला थांबवून ठेवलं. मी मान हलवली, तेव्हा कुठे त्याने पुढचा ग्लास टॅपखाली धरला.