गेमचा रिमोट कमरेला, कॅसेट कानात: पावसाळ्यातली प्रगती

मंडळी, जुन्या व्हिडिओ गेमच्या सामानातून करत होते ते पट्ट्याचं बक्कल तयार झालं. नव्वदच्या दशकात आपल्या टीव्हीला जोडलेला असायचा तो गेमचा करडा रिमोट आता पट्ट्यावर बसलाय आणि त्याची सगळी बटणं अजून दाबली जातात. मला ते दाबणंच जपायचं होतं. नुसतं वरचं कवच चिकटवलेली बक्कलं बरीच पाहिली, पण अंगठा ठेवला की बटण जागचं हलत नाही. मग त्यात रिमोट उरला कुठे?

बटण उसळतं ते खालच्या रबरामुळे. रबराच्या छोट्या घुमटाच्या आत कार्बनची काळी टिकली असते. दाबलं की ती सर्किट बोर्डावरचे दोन तुटक पट्टे जोडते, सोडलं की घुमट पुन्हा वर येतो. त्या रबराला खालून टेकू लागतो आणि तो टेकू म्हणजे बोर्ड. त्यामुळे बोर्ड आतच ठेवायचा, फक्त वायर काढायची. इथे आपले क्लोन, म्हणजे निन्टेन्डोच्या गेमच्या नकला, सोयीचे पडतात. निन्टेन्डोच्या मूळ रिमोटमध्ये 4021 नावाची चांगली जाडजूड चिप असते. तिला 8 इनपुट, रिमोटला बटणंही बरोबर 8. क्लोनमध्ये बहुतेक वेळा चिपच्या जागी बोर्डावर एपॉक्सीचा काळा थेंब असतो. तेवढी जागा आत मोकळी मिळते.

त्या मोकळ्या जागेत ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. बाहेर बक्कलचा हूक, मध्ये प्लास्टिक, आत पट्टी, आणि हे सगळं चपट्या डोक्याच्या एम-3 स्क्रूंनी आवळलेलं. पट्ट्याचा ताण सगळ्या पाठीवर पसरतो, एका भोकावर येत नाही. गोंदावर भिस्त ठेवू नका. सुपरग्लूच्या वाफेने आजूबाजूचं प्लास्टिक पांढुरकं होतं आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ते जास्तच जाणवतं. चामड्याचा दीड इंची पट्टा धारावीतून आणला. दुकानदाराने रिमोट हातात घेऊन आधी स्टार्ट दाबलं, मग पट्ट्याचं माप घेतलं.

रिमोट साधारण 12 सेंटीमीटर लांब, त्यामुळे बसलं की पोटाला टोचतो. उभ्याने लोकलमध्ये मात्र उत्तम. कोपरे गोल असलेलाच रिमोट निवडा. चौकोनी कोपऱ्यात गर्दीत कुणाची ओढणी अडकली तर पंचाईत.

आता कानातले. ते गेमच्या कॅसेटमधल्या बोर्डाचे. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेट फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी गेमच्या, धर्तीवर 60 पिनांच्या. एका बाजूला 30, दोन पिनांतलं अंतर 2.54 मिलिमीटर. म्हणजे सोनेरी पट्टी झाली साडेसात सेंटीमीटरच्या आसपास, ती आख्खी कानात कशी घालणार? 10 पिनांचा तुकडा पाडला की बरोबर एक इंच होतो. सोनार वापरतात तसल्या बारीक पात्याच्या करवतीने कापते, बोर्ड ओला ठेवून. हिरवा बोर्ड काचेच्या तंतूंचा असतो, त्याची धूळ श्वासात जाता कामा नये. मास्क हवाच. कडा पाण्यात बुडवून 400, मग 800, मग 1200 नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या की बोट फिरवताना कुठे खरखर लागत नाही.

जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, हे विसरू नका. सगळे पार्ट काढून सोल्डर तांब्याच्या वातीने टिपून घेते, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुते आणि मग पारदर्शक लॅकरचे पातळ हात देते, कडांनाही. तरीही लहान मुलांना हे दागिने देत नाही. हूक भुलेश्वरहून आणले. स्टेनलेस स्टीलचेच मागितले, कारण स्वस्त हुकांतल्या निकेलने वहिनीचे कान सुजतात. ती आता हे घालून रोज ऑफिसला जाते. काही त्रास नाही.

एपॉक्सी रेझिनचं पेंडंट थांबवलंय. दमट हवेत एपॉक्सीवर चिकट, धुरकट थर येतो आणि पंखा लावून तो जात नाही. पिवळ्या पडलेल्या दुसऱ्या रिमोटचा पिवळेपणा काढायचं कामही ऑक्टोबरच्या उन्हासाठी ठेवलंय. पार्लरच्या सामानात मिळणारं 40 व्हॉल्यूमचं क्रीम म्हणजे 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ते हातमोजे घालून सगळीकडे सारखं लावायचं, वर प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात फिरवत राहायचं. मधेच सुकलं तर पट्टे उमटतात.

सामान नेहमीसारखं चोर बाजारातून, शुक्रवारी सकाळी लवकर जाऊन. चालू वस्तू मी कापत नाही. घरी आणलं की प्रत्येक कॅसेट आधी लावून बघते. चालली तर ती खेळणाऱ्याकडे जाते, मेलेली असेल तरच करवत. बंद रिमोटमधून निघालेले चांगले रबर डबीत जपून ठेवलेत. कुणी रिमोट दुरुस्त करत असेल तर सांगा, लॅमिंग्टन रोडला येईन तेव्हा घेऊन येते.