तुम्ही विचारलंत म्हणून: ताबा दोघांचा, नोकरी परदेशात

"घटस्फोट झालाय, मुलाचा ताबा दोघांकडे आहे आणि आता टोरोंटोची नोकरी आलीय. मुलाला नेता येईल का?" नाशिकमध्ये हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. नेता येतं. पण आधी कोर्टाची परवानगी, मग तिकीट. आणि इथे राहणाऱ्या आईशी किंवा वडिलांशी मुलाची गाठ कशी राहील हे जो नेमकेपणाने लिहून देतो, त्याचा अर्ज उभा राहतो.

सगळ्यात आधी जुना आदेश काढून वाचा. संमतीने घटस्फोट झाला असेल तर अटींमध्ये "लेखी संमती किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेणार नाही" असं कलम बहुधा असतंच. ते नसलं तरी भेटीचे दिवस ठरलेले असताना मूल घेऊन निघून गेलात, तर आदेश मोडल्यासारखंच होतं. ताब्याचा आदेश मात्र कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर एका आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या एका आईला नऊ वर्षांच्या मुलीसह पोलंडला जायची मुभा दिली, वडिलांच्या भेटीगाठी शाबूत ठेवून.

समोरचा राजी असेल तरी नोटरीच्या कागदावर थांबू नका. ज्या कोर्टाने आदेश दिला तिथेच दोघांनी मिळून नव्या अटी दाखल करा आणि आदेश बदलून घ्या. राजी नसेल तर तिथेच अर्ज करायचा. सोबत नोकरीचं पत्र, शाळेचा प्रवेश, घराचा पत्ता, आरोग्य विमा आणि शाळा सुटल्यावर मुलाला कोण सांभाळणार याचा तपशील द्या. न्यायाधीश मुलाशी स्वतः बोलू शकतात. शिवाय निकालावर मुंबईत अपील होऊ शकतं. म्हणून कामावर रुजू व्हायची तारीख दीड महिन्यावरची घेऊ नका.

आता भेटीचं वेळापत्रक. गाडी इथेच अडते. जुन्या आदेशात "दिवाळीची आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी" असते. टोरोंटोत दिवाळीला शाळा सुरू, मे महिन्यातही सुरू. तिथली मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रेलियात डिसेंबर-जानेवारीत. ते कलम जसंच्या तसं राहिलं तर इथल्या वडिलांना वर्षभरात एकही दिवस मिळत नाही, आणि आजी-आजोबांनाही नाही. "रोज संध्याकाळी ७ वाजता व्हिडिओ कॉल" हेही तसंच. नाशिकचे सात म्हणजे टोरोंटोत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. मूल वर्गात तरी असतं नाहीतर शाळेच्या वाटेवर. त्यापेक्षा असं लिहा: शनिवार-रविवार, टोरोंटोच्या घड्याळाने सकाळी १० वाजता, म्हणजे नाशिकला उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. कोणाचं घड्याळ, कोणी फोन लावायचा, चुकलेला कॉल कधी भरून काढायचा, हे सगळं आदेशात येऊ द्या. जुलैतले किती आठवडे नाशिकला, तिकीट कोणाच्या खर्चाने, मुंबई विमानतळावर मुलाला आणायला-सोडायला कोण, हेही.

इथे राहणाऱ्याला वाटणारी भीती खरी आहे, ती उडवून लावू नये. एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत मिळवून देणारा मुलांच्या अपहरणाबाबतचा १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत नाही, आणि नाशिकचा आदेश परदेशात आपोआप चालत नाही. त्यासाठी तिथल्या कोर्टाकडून त्याच अटींचा 'मिरर ऑर्डर' घेतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा केनियातल्या वडिलांना देताना मिरर ऑर्डर आणि १ कोटी रुपयांची ठेव अशा अटी घातल्या. तरी वडिलांनी शब्द पाळला नाही आणि २०२१ मध्ये तो आदेश मागे घ्यावा लागला. म्हणून मिरर ऑर्डर मूल जाण्याआधी हातात हवा, आणि मागे राहणाऱ्याने तो तिथल्या स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावा.

मुलाच्या पासपोर्टला दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट 'डी' (पालकांचं घोषणापत्र) लागतं. एकाची संमती मिळत नसेल तर परिशिष्ट 'सी', त्यात कारण लिहायचं आणि कोर्टाचा आदेश जोडायचा. दोन्ही साध्या कागदावर चालतात. स्टॅम्प पेपर आणि नोटरीवर पैसे घालवू नका. व्हिसासाठी मात्र बहुतेक देश दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र वेगळं मागतात, ऑस्ट्रेलियाचा त्यासाठी १२२९ क्रमांकाचा फॉर्मच आहे.

पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तिकडे गेल्यावर दूतावासात नवा काढताना पुन्हा दुसऱ्या पालकाची संमती मागतात, आणि तोवर संबंध ताणलेले असले तर मूल कागदाविना अडकतं. म्हणून नूतनीकरणाची परवानगी आणि पासपोर्ट कोणाकडे राहील, या दोन ओळी आजच्याच अर्जात मागून घ्या.