दो म्हणजे एक

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात दक्षिण कोरियातून एक हायड्रॉलिक प्रेस यायची होती. ती जहाजावर चढण्याआधी तिथेच चाचणी घ्यायची आणि मग सही करायची, हे माझं काम. मी क्वालिटीत आहे. २०१९च्या जानेवारी अखेरीस चांगवॉनला पोचले आणि तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सिलिंडरच्या सीलमधून तेल पाझरायला लागलं. नवीन सील मागवायचं तर पुढचे पाच दिवस सगळं बंद. शनिवार-रविवार, आणि त्याला लागून सोल्लाल, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. त्या वर्षी ते ५ फेब्रुवारीला आलं होतं. सुट्टी आदल्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही.

चांगवॉन हे कारखान्यांचं शहर. आपल्या नवी मुंबईसारखंच आखून वसवलेलं, रुंद सरळ रस्त्यांचं. सणाला माणसं गावी गेली की ते रस्ते आणखीच रुंद दिसतात. रविवारी मी खोलीच्या खिडकीशी बसून घरच्यांचे फोटो बघत होते, तेव्हा प्रेसवर काम करणाऱ्या पन्नाशीतल्या फिटरचा फोनवर भाषांतर केलेला निरोप आला : मंगळवारी जेवायला आमच्याकडे. पाडव्याला शेजारी कुणी एकटं असलं तर आई ताट झाकून पाठवते, त्याची आठवण झाली.

त्यांच्याकडे मुलं गुडघे टेकून, कपाळ जमिनीजवळ नेऊन आजीला नमस्कार करत होती. आजी प्रत्येकाच्या हातात पैशांचं पाकीट ठेवत होती. मीही आपल्या पद्धतीने वाकून पाया पडले, तर मलाही पाकीट मिळालं. मग तांदळाच्या वड्यांच्या पातळ चकत्या घातलेलं गरम सूप. ते प्यायलं की माणूस एका वर्षाने मोठा होतो, असं ते मानतात.

जेवणानंतर मोठी माणसं गप्पांत रमली. मला भाषा येत नव्हती. आठ-नऊ वर्षांच्या नातीने माझी बाही धरली, “इमो” म्हणाली आणि ओढतच पलीकडच्या खोलीत नेलं. इमो म्हणजे मावशी, हे मला नंतर कळलं.

सतरंजीवर चार काठ्या होत्या. एक बाजू सपाट, दुसरी गोल. बाजूला कागदावर आखलेला पट आणि त्यावर एकोणतीस घरं. प्रत्येक बाजूच्या चार सोंगट्या. खेळाचं नाव यूत. चारही काठ्या एकदम वर उडवायच्या आणि किती सपाट बाजू वर आल्या ते मोजायचं.

त्या काठ्या पाहिल्या आणि मला खारकर आळीतली आजी दिसली. चिंचोके दगडावर घासून ती त्यांची दोन शकलं करायची. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. पाटीवर खडूने पट आखायचा आणि दुपारभर अष्टाचंग. म्हणजे खेळ मला येत होता! मी बिनधास्त काठ्या उडवल्या. एकच सपाट. मुलं ओरडली, “दो!” मी सोंगटी दोन घरं पुढे नेली. नातीने हात धरून ती एक घर मागे आणली. दो म्हणजे एक. दो डुक्कर, गे कुत्रा, गल मेंढी, यूत बैल, मो घोडा. एक, दोन, तीन, चार, पाच. काठी सतरंजीबाहेर गेली की दान बाद, आणि त्याला म्हणतात नाक. मी माझ्या नाकाला हात लावून दाखवला आणि सगळी मुलं आपापली नाकं धरून हसत लोळली.

चार सपाट आल्या की चार घरं आणि पुन्हा दान. आजीचा चंग तसाच्या तसा. दुसऱ्याची सोंगटी मारली तरी पुन्हा दान, तेही आपल्यासारखंच. मग माझ्या चारही काठ्या पालथ्या पडल्या. मी “अष्टा!” म्हणत सोंगटी आठ घरं पळवली. खोलीत एकच गलका उठला. त्यांच्याकडे पालथ्या चार म्हणजे मो, फक्त पाच. लहान नातवाने पाच बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि माझी मान हलेपर्यंत खाली घेतली नाहीत. अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो. त्या तीन-चार तासांत मला भाषेची उणीव एकदाही भासली नाही. नियम सांगायला हात पुरत होते.

गुरुवारी कारखाना उघडला, शुक्रवारी सील आलं, आठ तास दाब धरून ठेवला तरी तेलाचा थेंब नाही. मी सही केली. निघताना फिटरने काठ्यांचा एक जोड माझ्या बॅगेत ठेवला. तो मी आमच्या लेथवाल्या दादांना दाखवला. त्यांनी सागवानी दांडा गोल काढून मधोमध चिरला आणि त्याच मापाचे आणखी तीन जोड केले. मी प्रत्येक काठी व्हर्नियरने तपासली. गोलाई कमी-जास्त झाली तर दान एका बाजूला झुकतं.

६ एप्रिलला गुढीपाडवा. सकाळी कोपिनेश्वराच्या स्वागतयात्रेत चालून आलो, श्रीखंड-पुरी झाली, आणि दुपारी आमच्या इमारतीतली दहा-बारा मुलं जिन्यासमोरच्या जागेत चटई टाकून बसली. दो, गे, गल त्यांना दहा मिनिटांत पाठ. आई खुर्चीवरून बघत होती, मग खाली उतरली आणि म्हणाली, “दे गं इकडे.” तिने काठ्या उडवल्या. चारही पालथ्या.

“अष्टा!” आईने सोंगटी आठ घरं नेली.

“मो, आजी! पाचच!” मुलं ओरडली.

“कोरियात पाच असतील,” आई म्हणाली, “खारकर आळीत आठच.” आणि पुढचं दान टाकायला काठ्या गोळा केल्या.