पिशवीला मुंग्या

दुपारी तीनच्या सुमाराला मुंग्यांची एक रांग दिवाणाखाली जाताना दिसली. लाल, बारक्या, चावऱ्या जातीच्या. एरवी मी हळदीची रेघ ओढून मोकळी होते, पण ही रांग ओट्याकडून येतही नव्हती आणि तिकडे जातही नव्हती. खिडकीच्या चौकटीतून उतरून, टीव्हीच्या मागून, थेट दिवाणाखाली. परत येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कण. गुडघे टेकून, चष्मा सावरून पाहिलं तेव्हा कळलं, राजगिरा.

म्हणजे पिशवी! मी जीभ चावली. पिशवीचं मी विसरूनच गेले होते.

आमची बिल्डिंग ठाण्याला, नौपाड्यात. चार मजली, बिनलिफ्टची, आम्ही तिसऱ्यावर. २०१९ च्या मे महिन्यात तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं आणि आम्ही 'सी-२ बी'त निघालो. 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, तिथून लोकांना बाहेरच काढतात. 'सी-२ ए' म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, आणि 'सी-२ बी' म्हणजे आत राहा आणि दुरुस्ती करा. दहावीला सेकंड क्लास मिळाल्यावर घरात जसं वातावरण असतं, तसं त्या दिवशी जिन्यात होतं. पास झालो, पण पेढे कोणी वाटेना. त्यातच जुलैच्या २७ तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. हजारावर माणसं होती गाडीत. होड्या आल्या, हेलिकॉप्टर आलं, सगळी सुखरूप सुटली. आमचे हे दिवसभर टीव्हीसमोर बसून होते. संध्याकाळी उठले आणि म्हणाले, "त्या लोकांकडे खायला काय असेल गं?"

त्या प्रश्नातून पिशवी जन्मली. ऑफिसातून कुठल्याशा सेमिनारला मिळालेली निळी पाठपिशवी, तिच्यावर मार्करने 'आपत्कालीन'. त्यातला 'त्का' जागेअभावी खाली सरकलेला.

यादी करायचं काम आमच्याकडे ह्यांचं. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी, दोन माणसं, तीन दिवस. झाले अठरा लिटर. म्हणजे अठरा किलो. हे मी त्यांना तोंडी सांगितलं तेव्हा त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे, मग तीन जिन्यांकडे, आणि पाण्यापुढे 'दोन बाटल्या + क्लोरीनच्या गोळ्या' असं लिहिलं. खाण्याचे नियम मात्र काटेकोर. शिजवावं लागता कामा नये. फार खारट नको, तहान लागते. चुरा होणारं नको. सहा महिने टिकायला हवं. आणि पोटाला आधार हवा, नुसतं तोंड चाळवणारं नको.

आता या नियमांनी मराठी घरातला निम्मा फडताळ बाद होतो. चिवडा गेला, खारट म्हणून. चकली गेली, चुरा म्हणून. बेसनाचे लाडू सहा महिने टिकतील, पण आमच्या घरात सहा दिवस टिकत नाहीत, हा मुद्दा मी मांडला आणि तो नोंदवून घेण्यात आला. उरलं काय? खाकरे. भाजलेले चणे. शेंगदाणे. खजूर. राजगिऱ्याचे लाडू. पारले-जी. ओआरएसच्या पुड्या. आणि दिवाळीत कोणीतरी दिलेला रसगुल्ल्यांचा डबा, जो घरात कोणी फोडत नव्हतं म्हणून मी हळूच पिशवीत सरकवला. तो फोडायला लागणारं हत्यार पिशवीत नाही, हे पाचव्या वर्षी लक्षात आलं.

ह्यांनी चिक्की पण लिहिली होती. मी खोडली. म्हटलं, दातांना चिकटते. ह्यांच्या दाढेवर टोपी आहे, त्यामुळे हे पटलं.

मुंग्यांचा माग काढत मी पिशवी बाहेर ओढली आणि सगळं जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडलं. खजुराच्या पाकिटाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यातून रहदारी चालू. राजगिऱ्याच्या लाडवांचं तर प्लॅस्टिकच उरलं होतं, आत भुगा आणि त्या. पारले-जी सादळून कागदी पुठ्ठ्यासारखे वाकत होते. शेंगदाण्यांची पुडी सोडली आणि तो वास आला. खवट शेंगदाण्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. नाकात नाही, टाळूला लागतो. एक दाणा तोंडात टाकून खात्री करून घेतली. वासाने कळलेलं असताना चाखून का पाहते, याला उत्तर नाही, माझी आईही नासलेलं दूध आधी हुंगायची, मग बोटावर घेऊन चाखायची, आणि मग म्हणायची, "नासलंय."

तसा तो दाणा जिभेवर असतानाच मला आजीचं गाठोडं आठवलं.

आजी पाटणकडची. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा घराची मागची भिंत आडवी झाली. मी तेव्हा जन्मायची होते. त्यानंतर गावातली माणसं कितीतरी दिवस थंडीत उघड्यावर निजायची, कारण धक्के थांबेचनात. पुढे भिंत उभी राहिली, माणसं घरात गेली, पण आजीने दाराजवळच्या खुंटीला एक गाठोडं टांगलं ते टांगलंच. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही ठाण्याहून जायचो तेव्हा, म्हणजे भूकंपाला दहा-बारा वर्षं होऊन गेल्यावरही, ते तिथेच होतं. जुन्या नऊवारीच्या काठाचं फडकं, आडवी-उभी गाठ. खुंटी अशा उंचीवर की आजीचा हात पोचेल, आमचा नाही.

त्यात गुळाचा खडा, फुटाणे, सातूचं पीठ, खडीसाखर आणि शेंगा. दाणे नाहीत, शेंगा. भाजलेल्याही नाहीत. दाणा टरफलात असला की टिकतो, सोलला-भाजला की महिन्यात खवट होतो, हे तिला कोणी यादी करून दिलेलं नव्हतं. मी इथे पाच वर्षं भाजलेले दाणे भरतेय. शिवाय आजोबांची तंबाखूची चंची. आमचा मामा तिला हसायचा. म्हणायचा, जमीन फाटली तर माणूस तंबाखू मळत बसंल व्हय? आजी म्हणायची, "उपाशी ऱ्हातील दोन दिस. पर तंबाखू न्हाई मिळाली तर मलाच खातील."

दर अमावास्येला गाठोडं खाली यायचं. अमावास्या लक्षात राहते म्हणून, बाकी काही नाही. आम्ही भोवती कोंडाळं करायचो. जुना गूळ-फुटाणे आम्हाला, शेंगा भाजायला चुलीत, आणि नवा शिधा आत. आम्हा मुलांना भूकंप म्हणजे काय ठाऊक नव्हतं, पण भूकंपाच्या नावाने महिन्यातून एकदा खाऊ मिळतो एवढं ठाऊक होतं. माझा मामेभाऊ तर एकदा झोपताना विचारत होता, "आज्जे, भूकंप परत कधी हाय?"

आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर आजी त्या गाठोड्याच्या वर एक वेगळी, लहान पुरचुंडी ठेवायची. त्यात दशम्या. ज्वारीच्या पिठात पाण्याऐवजी दूध घालून मळायची, परातीत तळहाताच्या मुळाने रेटत, मधेच बोटाने गुळाचा चुरा मिसळत. दुधात मळलं की दोन दिवस मऊ राहते, प्रवासाला म्हणून पूर्वी तीच बरोबर द्यायचे. रात्री भूकंप झाला नाही की सकाळी तीच आमची न्याहारी, वर लोण्याचा गोळा. घरात माणसं पाच आणि पुरचुंडीत दशम्या आठ. का ते मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "कुणीतरी असतंच दारात."

आमच्या पिशवीचा हिशेब दोन माणसांचा आहे.

खरं सांगायचं तर खाण्यासाठी ही पिशवी आजवर एकदाच उघडली गेली. २०२० च्या ऑक्टोबरात १२ तारखेला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ठाण्यापासून मुंबईपर्यंत, नवी मुंबईसकट, वीज गेली होती, आठवत असेल. पंखा बंद, लोकल बंद, वर्क फ्रॉम होम करणारा मुलगा रिकामा. दहाला वीज गेली आणि साडेअकराला खाकऱ्यांचं पाकीट फुटलं. गॅस चालू होता, कणीक मळलेली होती, फोडणीची वाटी हाताशी होती. पण घरात 'आपत्कालीन' लिहिलेलं काही असलं की आपत्तीला एवढी संधी द्यावीच लागते. मुलगा म्हणाला, "आई, मेथीचे आहेत का?" ह्यांनी खाकरे मोजून तीन भाग केले. वीज आली तेव्हा चणेही संपले होते.

मांडलेल्या पसाऱ्यात एक गोष्ट मात्र शाबूत होती. माझी भाची जपानात, योकोहामाला असते, तिने आणलेला पत्र्याचा डबा. त्यात कोरडी, जाड, बेचव बिस्किटं असतात, कानपान म्हणतात. पाच वर्षं टिकतात. तिकडे १ सप्टेंबरला, १९२३ च्या भूकंपाच्या दिवशी, सगळीकडे आपत्तीचा सराव असतो, त्या सुमाराला लोक घरातले असले डबे तपासून बदलतात, असं तिने सांगितलं. डब्यात बिस्किटांबरोबर साखरेचे रंगीत, काटेरी दाणे असतात. घशाला कोरड पडली की ते चघळायचे, तोंडाला पाणी सुटतं, मग बिस्कीट उतरतं. हे ऐकलं तेव्हा मला आजीची खडीसाखर दिसली. त्यांची १ सप्टेंबर, तिची अमावास्या. मुंग्या डब्याला वळसा घालून गेल्या होत्या. काही मुंग्या वर चढून, झाकणाची कड फिरून, खाली उतरत होत्या. मला त्यांचं वाईट वाटलं, काय करणार.

हे बाहेरून आले, पसारा पाहिला, आणि न विचारता कागद-पेन घेऊन बसले. पहिला प्रश्न, चिक्कीचं काय. टिकते, शिजवायची नाही, खारट नाही, चुरा होत नाही, एका तुकड्यात आधार. सगळे नियम पाळते. दरवर्षी हा माणूस चिक्की लिहितो आणि मी खोडते. गेल्या वर्षी म्हटलं होतं, पावसात चिघळते.

२००५ च्या २६ जुलैला, मंगळवारी, मी दुपारची लोकल पकडली होती. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर सगळ्यांनी पाठ केलं. आम्हाला डब्यात फक्त एवढं कळत होतं, की शीवच्या पुढे गाडी थांबली आहे आणि रूळ दिसत नाहीत. रात्र तिथेच काढली. लेडीज डब्यात तीसेक बायका. एकीकडे निवडलेली गवार होती, ती कच्ची चावून पाहिली गेली. एकीचा मंगळवारचा उपास, तिने साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडला आणि तो घासघास फिरला. बाजूच्या वस्तीतल्या पोरांनी कंबरभर पाण्यातून किटलीने कोरा चहा आणून दिला. पेपरात नंतर त्याला 'स्पिरिट' म्हणाले. किटली हातात देणारा मुलगा थंडीने कुडकुडत होता, मला तेवढंच आठवतं.

माझ्याकडे पारले-जीचा पुडा होता, तो मी काढला, वाटला. समोर एक बाई मुलाला घेऊन होती. माझ्या मुलाएवढाच, सहा वर्षांचा. त्याला दोन बिस्किटं आली. रात्री केव्हातरी त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "काकू, अजून आहे?"

मी म्हटलं, "संपलं रे बाळा."

बिस्किटं खरंच संपली होती. पर्समध्ये तळाला, छत्रीच्या खाली, मुलासाठी घेतलेलं शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट होतं. ते मी पहाटेपर्यंत बाहेर काढलं नाही. पर्स मांडीवर धरून बसले होते. तो मुलगा नंतर आईच्या खांद्यावर झोपला.

सकाळी रुळांवरून चालत निघालो, ठाण्याला घरी पोचले तेव्हा दुपार उलटली होती. आधी पर्स उघडून मुलाला चिक्की दिली. त्याने कागद सोडला, पाहिली, आणि म्हणाला, "मला काजूची हवी होती."

"अगं, मी काय विचारतोय," हे म्हणाले. "चिक्की लिहू ना?"

"नको," मी म्हटलं. "मुंग्या येतात."