तू वीस पावलांत गेलीस, मी उद्या येते

अमरकंटकवर, म्हणजे नर्मदेच्या उगमाच्या गावावर, मराठीत भरपूर लिहून झालंय. नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांत आपली माणसं इतकी असतात की तिथल्या आश्रमात कुणी मराठीत हाक मारली तरी मान वळत नाही. त्यामुळे काय पाहायचं, कुठे राहायचं याची यादी मी देणार नाहीये. मला लिहायचंय ते कपिलधारा धबधब्याच्या अलीकडच्या एका छोट्या पुलाबद्दल आणि तिथे भेटलेल्या मावशींबद्दल, कारण त्यांच्याशी अर्धा-पाऊण तास बोलले आणि त्यानंतर कित्येक वर्षांची नोकरी सोडली.

मी विमा कंपनीत क्लेम्स बघायचे. काम वाईट नव्हतं, माणसं चांगली होती, पगार वेळेवर. शेजारच्या घरातल्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, तिच्याशी बोलता यावं एवढ्यासाठी मी सांकेतिक भाषेच्या क्लासला गेले होते, ए लेव्हल झाली, बी झाली, मग सुटेचना. तिथे प्रत्येकाला खुणेचं एक नाव मिळतं. ते आपण आपलं ठेवायचं नसतं, कर्णबधिर माणसं तुमच्याकडे बघून ठेवतात. माझं नाव म्हणजे एका बोटाने चष्मा वर सरकवणं. ऑफिसात माझ्या नावाने दिवसभर हाका यायच्या, पण त्या खुणेने कुणी बोलावलं की मला वेगळंच वाटायचं, आपल्याला कुणीतरी नीट बघितलंय असं.

तर फेब्रुवारीत कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेतून फोन आला. मुलांच्या वसतिगृहाला अधीक्षक हवी होती, त्यांच्या भाषेत बोलणारी, राहायचं तिथेच, पगार माझ्या पगाराच्या निम्म्याहून कमी. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले. नवरा म्हणाला, तू ठरव. मुलगाही तेच म्हणाला. हे 'तू ठरव' फार जड असतं हो, कारण नंतर 'घरचे नको म्हणाले' असं सांगून सुटता येत नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात नणंदेबरोबर अमरकंटकचं बुकिंग होतं, खूप आधीचं.

जायचा प्रवास आठवण्यासारखा नाही. पेंड्रा रोडला उतरलो, जीपने वर गेलो, सालाच्या जंगलातून जाणारा रस्ता सुंदर आहे, पण जीपमध्ये आठ जणांच्या जागेत तेरा माणसं असली की जंगल फारसं दिसत नाही. नर्मदा जयंती होऊन गेली होती त्यामुळे गर्दी ओसरली असेल असं वाटलं होतं, तसं काही नव्हतं. हजार मीटरच्या वरचं ठिकाण, मैकलच्या डोंगरात, रात्री कडाक्याची थंडी, आणि लॉजवाल्याने बुकिंगच्या वेळी गरम पाणी आहे म्हणून सांगून सकाळी बादलीचे वेगळे पैसे मागितले. मला पैशांचा राग आला नाही, आधी सांगितलं नाही याचा आला. कुंडावर पहाटे पाचपासून लाउडस्पीकर, आणि उगमासमोर उभं राहून व्हिडिओ कॉल करणारी माणसं. ज्यांनी हजारो किलोमीटर चालून त्या पाण्यासमोर यायचं त्यांना बाजूला सरका म्हणणारे पर्यटक पाहिले मी, आणि ते मला अजून खुपतंय. शेजारच्या कलचुरी राजांच्या काळातल्या दगडी देवळांत मात्र जवळजवळ कुणीच नसतं. अकराव्या शतकातल्या कर्ण राजाचं नाव त्यातल्या एका देवळाला आहे. तिथे आम्ही निवांत बसलो, बरं वाटलं.

सोनमुडाला गेलो. शोण नदीचा उगम. नर्मदाकुंडापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटर असेल. एवढासा झरा, तो जरा पुढे जाऊन कड्यावरून खाली उडी घेतो आणि पूर्वेला निघतो, पार पाटण्याजवळ गंगेला मिळतो. आणि इकडे नर्मदा पश्चिमेला, 1312 किलोमीटर चालत जाऊन खंबातच्या आखाताला. दोघांची गोष्ट तिथला प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. राजा मेकलची मुलगी नर्मदा, तिचं लग्न शोणाशी ठरलेलं, गुलबकावलीचं फूल त्याने लग्नाची अट म्हणून आणलेलं. नर्मदेने दासी जोहिलाला आपले दागिने घालून त्याच्याकडे पाठवलं, शोण तिलाच नर्मदा समजला, ते कळल्यावर नर्मदा रागाने फिरली ती उलट्या दिशेला निघाली आणि जन्मभर कुमारी राहिली. जोहिला पण नदीच आहे, ती पुढे शोणालाच मिळते.

आमचा ड्रायव्हर ही गोष्ट फसवणुकीची म्हणून सांगत होता, बिचारी नर्मदा वगैरे. मला ते पटलं नाही. शाळेत भूगोलात शिकलोय, गोदावरी, कृष्णा, महानदी सगळ्या पूर्वेकडे वाहतात, नर्मदा आणि तापी मोठ्यांपैकी तेवढ्या पश्चिमेला, कारण सातपुड्याच्या दोन्ही अंगांना जमीन खचलीय आणि नर्मदेच्या पाण्याला विंध्य आणि सातपुड्याच्या मधल्या खचदरीतून वाट मिळाली. म्हणजे राग आला हे खरं धरलं तरी नुसत्या रागावर तेराशे किलोमीटर जाता येत नाही, पुढे वाट असावी लागते आणि ती आहे हे दिसावं लागतं. गोष्ट सांगणारे सगळे त्या एका रात्रीबद्दल बोलतात. पुढच्या मंडला, भेडाघाट, नेमावर, ओंकारेश्वर, महेश्वर या सगळ्या वाटेबद्दल कुणी 'बिचारी' म्हणत नाही, तिथे ती मैया असते.

आता पूल.

कपिलधारा नर्मदाकुंडापासून सहा किलोमीटरवर. नर्मदेची पहिली मोठी उडी, शंभर फुटांच्या आसपास. आम्ही गेलो तेव्हा नणंदेचे गुडघे बोलायला लागले होते म्हणून ती चहाच्या टपरीवर बसली आणि मी एकटी प्रवाहाच्या कडेने वर फिरत गेले. तिथे नदी म्हणजे काय, फेब्रुवारीत एखादा दणकट ओढा असतो तेवढी. एक छोटा पूल आहे. मी इकडून तिकडे गेले, फोटो काढला, वळले, तर पलीकडच्या टोकाला एक बाई उभ्या. पांढरं लुगडं, डोक्याला मफलर, पाठीवर झोळी, हातात काठी, पायात फाटलेले कॅनव्हासचे बूट आणि त्यातून बाहेर आलेली टाच, भेगा पडून पार काळी झालेली. परिक्रमेत. पूल मोकळा होता, मी हाताने या या म्हटलं, मला वाटलं मी येईपर्यंत त्या थांबल्यात.

त्या तिकडूनच ओरडल्या, "नर्मदे हर! मला न्हाई येता येत."

मराठी ऐकून मी धावतच परत गेले. मग त्यांनी सांगितलं. परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, तिला ओलांडायचं नाही. ओंकारेश्वरहून निघाल्या, दक्षिण काठाने समुद्रापर्यंत गेल्या, तिथे होडीने मुखाला वळसा घालून उत्तर काठावर आल्या, तिथून वर वर चालत इथपर्यंत. आता उगमाला वळसा घालायचा आणि मग दक्षिण काठ. मी विचारलं, म्हणजे मी आत्ता जिथे उभी होते तिथे तुम्ही कधी येणार? त्यांनी पुलाच्या पलीकडे बघितलं, हिशोब केला आणि म्हणाल्या, "तू वीस पावलांत गेलीस, मी उद्या येते."

आम्ही तिथेच दगडावर बसलो. त्यांच्याकडे एक वही होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वाटेतल्या आश्रमांचे शिक्के मारलेली. काही शिक्के ओले झाल्याने पसरलेले, निळे, जांभळे, एक उलटा मारलेला. वाचता येत नाही म्हणाल्या, पण कुठला शिक्का कुठला ते बोट ठेवून सांगत गेल्या, कुठे ताप आला, कुठे कुणी पाय शेकून दिले, कुठे रात्री पिठलं मिळालं आणि घरची आठवण आली. एका पानावर शिक्का नव्हताच, पेनने नुसती फुली. तिथे आश्रम नव्हता, एका आदिवासी घरात राहिल्या, त्या घरातल्या बाईकडे शिक्का नव्हता म्हणून तिनेच फुली मारून दिली.

मी विचारलं, मावशी, घरचे काय म्हणाले निघताना?

"इचारलंच न्हाई. सांगितलं."

मग सगळं कळलं. शेजारच्या गावातून बायकांचा जथा निघाला होता, त्यातली एक ऐनवेळी आजारी पडली, एक जागा मोकळी झाली. निरोप आला तेव्हा हातात दोन दिवस होते. घरी म्हशी, ऊस तोडणीला आलेला, सून पोटुशी. "समदं बरं व्हायची वाट बघितली आस्ती तर कवा निगाले आस्ते?" म्हणाल्या. "ऊस काय, दरसाल तोडायला येतोच की." पुढे जथ्यातल्या निम्म्याजणी मधूनच गाडीने पुढे गेल्या, काही घरी परतल्या, ह्या चालत राहिल्या, वाटेत दुसरी माणसं जोडली गेली. नात झाल्याचा फोन कुठल्याशा आश्रमातल्या महाराजांच्या मोबाइलवर आला. मी म्हटलं, वाईट नाही वाटलं, तिथे नव्हतात म्हणून? त्या गप्प झाल्या जरा. मग म्हणाल्या, "वाटलं. लई वाटलं. रडले. मंग सकाळी चालाय लागले."

या उत्तराने मी हललेच एकदम. कारण धाडस करा, संधी सोडू नका, असं सांगणारी माणसं मला खूप भेटलीत आणि ती कधीच हे सांगत नाहीत की त्याचवेळी तिकडे घरात काहीतरी घडतं आणि तुम्ही तिथे नसता. ह्या बाईने दोन्ही सांगितलं, एका दमात, आणि त्यातलं एकही दुसऱ्याच्या पोटात लपवलं नाही.

मग मी माझं सांगितलं. शाळा, पगार, सोमवार. त्यांनी पगार किती हे विचारलं नाही. विचारलं, "पोरं तुझं बोलणं समजत्यात?" म्हटलं हो. "आन् तू त्यांचं?" म्हटलं बरंचसं. मग म्हणाल्या मला काहीतरी करून दाखव. मी त्यांना नदीची खूण दाखवली, हात लाटेसारखा पुढे नेत. त्यांनी काठी मांडीवर ठेवली, दोन्ही हात मोकळे केले आणि करून बघितली, तीन-चार वेळा, बोटं कडक झालेली, वळत नव्हती. आणि त्यांनी हात उजवीकडून डावीकडे नेला. मी म्हटलं मावशी कुठूनही चालतं. त्या म्हणाल्या, न्हाई, ती तिकडं जाती. पश्चिम तिकडेच होती, बरोबर.

एवढंच. पुढे त्यांना उजेड असेतो पोचायचं होतं म्हणून निघाल्या. मी पैसे देऊ केले, घेतले नाहीत, पायमोजे दिले ते घेतले.

आता बरेच जण विचारतात म्हणून सांगते, मला त्या दगडावर साक्षात्कार वगैरे झाला नाही. शाळेला हो म्हणायचंय हे मला फोन आला त्याच दिवशी माहीत होतं. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मी वाट बघत होते की सगळं नीट लागेल, मुलाचं शेवटचं वर्ष संपेल, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल, गृहकर्जाचे थोडेच हप्ते उरतील, आणि मग मी मोकळी होऊन जाईन. ते सगळं खरंच होतं, खोटी कारणं नव्हती. पण शाळेला माणूस जूनमध्ये हवं होतं. मुलं जूनमध्ये येणार होती, त्यातली काही पहिल्यांदा घर सोडून, आणि रात्री पोट दुखलं तर ते कुणाला सांगायचं हा त्यांचा प्रश्न माझ्या हप्त्यांपेक्षा आधीचा होता. हे मला त्या टाचेकडे बघताना कळलं असं म्हणा हवं तर.

लॉजवर रेंज नव्हती. बाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर आली, तिथून मुख्याध्यापकांना फोन केला. म्हटलं येते. ते म्हणाले सोमवार अजून व्हायचाय, नीट विचार करा. म्हटलं केलाय. मग नवऱ्याला फोन केला आणि विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला बरं, आणि मग दोन मिनिटांनी त्याचाच परत फोन, सुट्टीत घरी येता येईल ना, मधे एखादा रविवार तरी? त्याला भीती वाटत होती आणि त्याने ती लपवली नाही, याबद्दल मला त्याचं फार कौतुक आहे.

परतीच्या प्रवासात पेंड्रा रोडला गाडी चांगलीच लेट होती. एरवी मी वैतागले असते. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर नणंद माझ्या खांद्यावर झोपली आणि मी मोबाइलवर राजीनाम्याचा मेल लिहिला, चार ओळींचा, कारणांचा एक परिच्छेद लिहून पुसून टाकला. नोटीस तीन महिन्यांची होती, म्हणजे मे अखेर सुटका, बरोब्बर जमत होतं.

सासूबाईंचं ऑपरेशन एप्रिलमध्ये करून घेतलं. हप्त्यांचं गणित अजून ताणलेलंच आहे, गाडी विकली. मुलगा सुरुवातीला नाराज होता, त्याने तोंडाने काही म्हटलं नाही पण मला कळायचं, आणि अजूनही त्याच्या परीक्षेच्या दिवसांत माझं इथे लक्ष लागत नाही. वसतिगृहात एकोणचाळीस मुलं आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला नवं नाव दिलं, चष्म्याचं जुनं त्यांना चाललं नाही, दुसऱ्या एका सरांचं तेच आहे म्हणे. आता माझं नाव म्हणजे दोन बोटांनी तळहातावर भराभर चालणं, कारण मी जिने फार जोरात चढते. सगळ्यात लहान मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला ते अजून नीट जमत नाही, त्याची बोटं उड्या मारतात.